मानवतवरून गेलेली सावली

(दहावी १९९६ तुकडीच्या तिसाव्या वर्षाच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी फोन केला तेव्हा विषय सुचवला होता ‘एआय आणि आपली मुलं’. मी म्हटलं, त्या विषयावर मी रोज ऑफिसात बोलते, त्याचा पगारही घेते. तीस वर्षांनी आपण भेटतोय तर मला अशा गोष्टीवर बोलू द्या, जिच्यावर बोलायचे मला कुणी पैसे देत नाही. ती गोष्ट म्हणजे खग्रास सूर्यग्रहण. मी ते ८ एप्रिल २०२४ ला अमेरिकेत, डॅलसला पाहिलं. पण मला सांगायचंय ते फक्त डॅलसचं नाही. आपल्या मानवतचा या प्रकाराशी एक संबंध आहे. तो मला पंचेचाळिसाव्या वर्षी कळला आणि शाळेत असताना आपल्यापैकी कुणालाच माहीत नव्हता. तो मी मधे सांगेन, म्हणजे जेवणाची घंटा होईपर्यंत कुणी उठणार नाही.

आधी आपल्या सगळ्यांचं सामाईक ग्रहण. २४ ऑक्टोबर १९९५, मंगळवार. लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ. आपण दहावीत होतो आणि दिवाळीची सुट्टी होती. भूगोलाच्या सरांनी सांगितलं होतं, ज्याला यायचंय त्यानं सकाळी सातला शाळेत या. आले किती? मुलं दहा-बारा आणि मुली तिघी. बाकीच्यांच्या घरी वेध लागलेले. सरांनी हातभर आरशाला काळा कागद चिकटवला होता, मधे चार आण्याएवढं भोक. तो आरसा त्यांनी पटांगणातल्या खुर्चीवर ठेवला आणि उजेडाचा कवडसा वर्गाच्या भिंतीवर पाडला. भिंतीवर सूर्य आला, एका बाजूनं कुरतडल्यासारखा. मग ते आम्हाला कडुलिंबाखाली घेऊन गेले आणि म्हणाले, वर नको, खाली बघा. पानापानांतून जमिनीवर पडलेले कवडसे एरवी गोल असतात. त्या दिवशी ते सगळेच्या सगळे कोरीसारखे होते. मातीवर शेकडो चंद्रकोरी. एकानं विचारलं, सर, या झाडाला काय झालं? सर म्हणाले, झाडाला काही झालं नाही, हे रोजचंच आहे. रोज सूर्य गोल असतो म्हणून कवडसे गोल असतात. सर समोर बसलेत. सर, हे वाक्य तुमच्या लक्षात नसेल. मी मात्र भौतिकशास्त्राकडे आणि तिथून इंजिनिअरिंगकडे वळले त्यात या वाक्याचा बराच हात आहे.

पण ते आपल्याकडे खंडग्रास होतं. खग्रास पट्टा राजस्थानातल्या नीम का थाना, उत्तर प्रदेश, बिहार करत बंगालमधल्या डायमंड हार्बरपर्यंत गेला होता. मला तेव्हा वाटायचं की खंडग्रास म्हणजे बारा आणे आणि खग्रास म्हणजे सोळा आणे, एवढाच फरक. सगळ्यांना तसंच वाटतं. त्यात वाटणाऱ्याचा दोष नाही, कारण शब्दच तसे आहेत.

फरक किती आहे ते आकड्यात सांगते, मग वर्णनात. सूर्याभोवती जे तेजाचं वलय असतं, ज्याला प्रभामंडळ किंवा करोना म्हणतात (हा शब्द आपल्याला आता वेगळ्याच कारणानं पाठ झालाय), त्याचा उजेड सूर्यबिंबाच्या साधारण दहा लाखाव्या भागाइतका असतो. म्हणजे सूर्य नव्व्याण्णव टक्के झाकला गेला, एकच टक्का उरला, तरी तो एक टक्का त्या वलयापेक्षा दहा हजार पटीनं तेजस्वी आहे. वलय दिसूच शकत नाही. आकाश निळंच राहतं, तारे येत नाहीत, ऊन जरा फिकट होतं एवढंच. २०२४ ला ह्यूस्टनमध्ये चौऱ्याण्णव टक्के ग्रहण होतं. माझ्या बहिणीची मैत्रीण तिथे राहते. ती म्हणाली, ‘मी ऑफिसच्या पार्किंगमध्ये पाहिलं, ठीक होतं.’ तिथून चार-पाच तास गाडी चालवली असती तर तिनं जे पाहिलं असतं त्याला ‘ठीक’ हा शब्द वापरणारा माणूस मला अजून भेटलेला नाही.

मधे एक फसलेला प्रवासही झाला. २२ जुलै २००९ ला आम्ही चौघंजण पुण्याहून सुरतेला गेलो. सकाळी सहा-साडेसहाची वेळ, भर पावसाळा. आकाश वरपासून खालपर्यंत करडं. खग्रास स्थिती तीन मिनिटांच्या वर होती. या तीन मिनिटांत सुरत शहरावर रात्र झाली, पुलावरचे लोक ओरडले, मग पुन्हा उजाडलं. आम्ही ढोकळा खाऊन परत आलो. अंधार झाला म्हणजे ग्रहण पाहिलं असं नव्हे, एवढं त्या दिवशी कळलं.

आता आईकडे येते, कारण डॅलसला ती माझ्याबरोबर होती.

तुम्हाला आठवत असेल की आपल्या वर्गातले बहुतेक जण १९८० च्या आसपासचे. १६ फेब्रुवारी १९८० ला भारतावरून एक मोठं खग्रास ग्रहण गेलं. कारवारकडून शिरलं, हुबळी, रायचूर, हैदराबादच्या बाजूचा भाग असं करत कोणार्कजवळ समुद्रात उतरलं. आपल्याकडे खंडग्रास होतं, पण मोठं. शनिवार, दुपार कलल्यावरची वेळ. त्या दिवशी शहरांतले रस्तेसुद्धा ओस पडले होते. मुंबईत वानखेडेवर इंग्लंडविरुद्धची कसोटी चालू होती. तिची विश्रांती मुद्दाम पहिल्या दिवसानंतर, ग्रहणाच्या दिवशी ठेवली होती. कसोटी क्रिकेट जिथे थांबलं तिथे आपल्या गल्लीचं काय सांगावं? आपल्यातल्या निम्म्यांनी हे ग्रहण आईच्या पोटात काढलेलं आहे. माझी आई तेव्हा सातव्या महिन्यात होती. आत्यानं तिला माजघरात नेलं, खिडकीला वाकळ लावली, आणि ग्रहण सुटेपर्यंत सरळ उताणं पडून राहायला सांगितलं. कूस बदलायची नाही, पदराला गाठ मारायची नाही, विळीला, कात्रीला, सुईला हात लावायचा नाही, पाणी प्यायचं नाही. अडीच तास. आई सांगते, पाठीला रग लागली होती आणि मी आत लाथा मारत होते.

आत्या वाईट नव्हती. आत्याला आमच्या गल्लीतली एक मावशी डोळ्यांसमोर दिसत होती. तिचा मुलगा फाटलेल्या ओठाचा होता. अख्खी गल्ली तिला सांगायची, तू ग्रहणात काहीतरी चिरलंस. ती बाई शपथा घेऊन सांगायची की नाही चिरलं. पुढे पुढे तिनं शपथा घेणं सोडून दिलं आणि म्हणायला लागली, असेल चिरलं. मला या गोष्टीचा जितका राग येतो तितका ग्रहणाच्या बाकीच्या कुठल्याही रूढीचा येत नाही. तुळशीचं पान लोणच्यात टाका, आंघोळ करा, जप करा, कुणाचं काही बिघडत नाही. पण ओठाच्या दोन बाजू जुळतात त्या गर्भाच्या चौथ्या ते सातव्या आठवड्यात. तेव्हा बऱ्याच बायकांना दिवस गेल्याचा पत्ताही नसतो. सातव्या महिन्यात ओठ केव्हाच तयार झालेला असतो. तेव्हा विळीवर भोपळा चिरा नाहीतर काहीच चिरू नका. ओठ का जुळत नाही याला आनुवंशिक आणि इतर कारणं असतात, त्यात आकाशातलं काही नाही. आणि ओठ शिवून घेता येतो. त्या मुलाचा ओठ पुढे कुणीतरी शिवून दिला. मावशीचं ऐकून घेणं मात्र शेवटपर्यंत चालू राहिलं.

विचित्र गोष्ट अशी की वेध कधी लागणार हे आत्याला पंचांगानं सांगितलं. पंचांगकर्त्याला ते कसं कळलं? चंद्र आणि सूर्य यांच्या गतींचं गणित करून. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी १५२० च्या सुमारास ‘ग्रहलाघव’ लिहिलं आणि पुढे कित्येक पिढ्या आपल्याकडची पंचांगं त्यावर निघाली. त्याच्या हजार वर्षं आधी आर्यभटांनी स्पष्ट लिहून ठेवलं होतं की चंद्र सूर्याला झाकतो आणि पृथ्वीची सावली चंद्राला झाकते. म्हणजे ज्याला राहूची कथा सांगायची होती त्याच्याच हातातल्या पुस्तकात राहू नसल्याचं गणित होतं. मी आयुष्यभर कोड लिहिलंय, त्यामुळे मला हे ओळखीचं वाटतं. आत काय चाललंय हे कुणी वाचत नाही. पडद्यावर काय आलं तेवढंच बघतात.

बरं, आता मानवतचा संबंध.

डॅलसहून आल्यावर मला नाद लागला की आपल्या भागावरून खग्रास कधी गेलं होतं का. एकाच ठिकाणी खग्रास पुन्हा यायला सरासरी पावणेचारशे वर्षं लागतात, त्यामुळे फार आशा नव्हती. विजयदुर्गाचं ठाऊक होतं. आपण सहलीला गेलो होतो तेव्हा किल्ल्यावर ‘साहेबाचे ओटे’ दाखवले होते आणि सांगितलं होतं की इथून १८६८ ला लॉकयर साहेबानं हेलियम शोधला. यात दोन गोष्टींची सरमिसळ झालेली आहे. १८ ऑगस्ट १८६८ चं ग्रहण विजयदुर्गावरून गेलं हे खरं. पण त्या ग्रहणातली महत्त्वाची निरीक्षणं गुंटूर, मच्छलीपट्टण, जमखिंडी इथली. फ्रेंच जान्सेन गुंटूरला होता. नॉर्मन लॉकयर तेव्हा इंग्लंडमध्येच होता आणि त्यानं त्या ऑक्टोबरात तिथूनच, ग्रहण नसताना, सूर्याच्या कडेच्या ज्वाळांचा वर्णपट पाहिला. त्यातल्या पिवळ्या रेषेवरून पुढे ‘हेलियम’ हे नाव आलं. लॉकयर विजयदुर्गाला आला तो तीस वर्षांनी, २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला, ब्रिटिश युद्धनौकेवरचे खलाशी हाताशी घेऊन. ओटे आहेत, साहेबही आला होता. फक्त गाईड तीस वर्षं मागे जातात.

तर हे १८९८ चं ग्रहण. सावली विजयदुर्गाजवळ किनाऱ्यावर चढली आणि ईशान्येला निघाली. शास्त्रज्ञ कुठे कुठे बसले होते ते बघा. एक ठिकाण करमाळा तालुक्यातलं जेऊर. तिथे पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधले प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला आपली वेधशाळा घेऊन उतरले होते. भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून पुण्याला जी वेधशाळा उभी राहिली तिचे ते प्रमुख. अमेरिकेतल्या लिक वेधशाळेचा कॅम्पबेलही जेऊरलाच होता. दुसरं ठिकाण पुलगाव. तिसरं पुलगावच्या अलीकडचं तळणी स्टेशन. ही सगळी ठिकाणं रेल्वेवरची आहेत, कारण खोकीच्या खोकी भरून दुर्बिणी आणायच्या तर रेल्वे लागते.

मी जेऊर आणि पुलगाव यांचे अक्षांश-रेखांश घेतले आणि दोन्ही जोडणारी रेघ काढली. शाळेत सरांनी शिकवलेलंच, दोन बिंदूंतून जाणारी रेषा. ती रेघ ७६.५ रेखांशावर कुठे येते? १९.२५ अक्षांशाच्या आसपास. आपलं मानवत १९.३ वर आहे. मग ग्रहणांच्या छापील नकाशांशी ताडून पाहिलं. सावलीचा पट्टा ऐंशी-नव्वद किलोमीटर रुंद आणि मानवत त्याच्या जवळपास मध्यावर. २२ जानेवारी १८९८, शनिवार, पौष अमावास्या. भर दुपारी आपल्या मोंढ्यावर, आपल्या शाळेच्या जागेवर, त्या वेळच्या ज्वारीच्या रानांवर दोन मिनिटांच्या आसपास पूर्ण काळोख पडला होता आणि वर सूर्याचं प्रभामंडळ उघडं होतं.

आकडा पडद्यावर आला तेव्हा रात्रीचे साडेअकरा झाले होते. मी आईला उठवलं. ती म्हणाली, उद्या सांगितलं असतंस तर चाललं नसतं का, सव्वाशे वर्षं झाली ना त्याला?

मग मी शोधायला लागले की मानवतला ते कुणी पाहिलं. मला कुठे काही सापडलं नाही. तुमच्यापैकी कुणाच्या घरी जुन्या वह्या, रोजकीर्दी असतील तर बघा. पौष महिन्याच्या शेवटी दुकानदारानं एखादी ओळ लिहून ठेवली असेल. आपला भाग तेव्हा निजामाच्या राज्यात. मानवत रोडवरून जाणारी गोदावरी खोऱ्याची रेल्वे अजून दोनेक वर्षांनी यायची होती. स्टेशनच नव्हतं तर साहेब उतरणार कुठे? दुष्काळ नुकताच सरलेला, पुण्या-मुंबईत प्लेग. रँडवर गोळी झाडली गेली त्याला बरोबर सात महिने झालेले. अशा दिवसांत दुपारी सूर्य गेल्यावर लोकांना काय वाटलं असेल याचा अंदाज आपण करू शकतो. बहुतेक घरांची दारं लावलेली असणार. बायका तर नक्कीच आत. बाहेर कोण असेल? रानात गुरं वळणारी पोरं. राखणीला बसलेले गडी. आणि ‘दे दान, सुटे गिऱ्हाण’ म्हणत ज्यांना अशा वेळी दारोदार यावं लागायचं, ती गावकुसाबाहेरची माणसं. माझा तर्क असा की मानवतमध्ये त्या दिवशी प्रभामंडळ जर कुणी पाहिलं असेल तर यांनीच. त्यांच्यापैकी लिहिता येणारं कुणी नव्हतं, कारण येऊ दिलेलं नव्हतं.

आणि त्याच दिवशी तळणीला एक बाई बाहेर उभी होती. ॲनी माँडर तिचं नाव. केंब्रिजला गणित शिकली आणि ग्रिनिचच्या वेधशाळेत नोकरीला लागली. पदाचं नाव होतं ‘कॉम्प्युटर’. तेव्हा कॉम्प्युटर म्हणजे आकडेमोड करणारा माणूस, किंवा बाई. तिथल्याच शास्त्रज्ञाशी लग्न केलं म्हणून १८९५ ला नोकरी सोडावी लागली, कारण लग्न झालेल्या बाईला ठेवायचं नाही असा नियम. मग ती नवऱ्याबरोबर आपल्या वऱ्हाडात आली, स्वतःसाठी करवून घेतलेला कॅमेरा घेऊन. त्या दोन मिनिटांत तिनं प्रभामंडळाचा जो किरण टिपला तेवढा लांब किरण तोपर्यंत कुणाच्याही फोटोत आला नव्हता. सावली मानवतवरून तळणीला पाच-सहा मिनिटांत पोचली असेल. तिचा वेग ताशी अडीच-तीन हजार किलोमीटर असतो. म्हणजे आपल्याकडे बायका माजघरात बसल्या होत्या आणि पाच-सहा मिनिटांनी तीच सावली एका बाईच्या कॅमेऱ्यावर पडली. मी पुण्यात ज्या धंद्यात आहे त्याचं नाव पहिल्यांदा जिच्यासारख्यांना होतं ती बाई आपल्यापासून अडीचशे किलोमीटरच्या आत येऊन गेली, आणि मला हे कळायला डॅलसला जावं लागलं.

बाहेर कुणाला सांगितलं की मी मानवतची, तर चाळिशीच्या पुढची माणसं एकच प्रश्न विचारतात. आता त्यावर मालिकाही निघाली, त्यामुळे तरुणही विचारतात. १९७२ ते ७४ चं ते प्रकरण गुप्तधनाच्या नादातून आणि अंधश्रद्धेतून झालं. बळी गेल्या त्या बाया आणि पोरी. ते विसरावं असं मी म्हणत नाही. पण यापुढे मला कुणी ‘मानवत म्हणजे ते का?’ असं विचारलं तर मी आधी १८९८ सांगणार आहे.

आता डॅलस. ८ एप्रिल २०२४, सोमवती अमावास्या. दुसऱ्या दिवशी पाडवा. धाकटी बहीण तिथे असते, तिच्याकडे आई हिवाळा संपल्यावर गेली होती आणि मी रजा काढून. अंदाज ढगांचा होता. चार दिवस बहिणीच्या घरी हवामानाशिवाय दुसरा विषय नाही. मला सुरत आठवत होती. त्या दिवशी सकाळी ढग होते, अकरानंतर फुटायला लागले, बाराच्या पुढे उन्हाचे तुकडे पडायला लागले. आम्ही घराजवळच्या बागेत सतरंजी टाकली. आईला वाटत होतं की चष्मा असला तरी आपण सावलीतच बसावं. बहीण म्हणाली, आई, आता तर तू गरोदर नाहीस. आई हसली आणि उन्हात आली.

पहिला तासभर १९९५ सारखाच. चष्म्यातून कुरतडलेला सूर्य. शेवटच्या दहा-पंधरा मिनिटांत मात्र उजेडाचा पोतच बदलायला लागतो. संध्याकाळसारखा तांबूस होत नाही. ऊन डोक्यावरचंच, पण कुणीतरी त्यातला जोर काढून घेतल्यासारखं. सावल्यांच्या कडा धारदार होतात, हातावरचा केसन् केस सावलीत वेगळा दिसतो. गार वारा सुटला. आईनं पदर ओढून घेतला. साळुंकीएवढे काळे पक्षी होते, ते थव्यानं झाडांकडे परतायला लागले आणि एकच कालवा. शुक्र दिसला, अजून सूर्य शिल्लक असताना. १ वाजून ४० मिनिटांनी शेवटचा उजेड एका ठिपक्यात गोळा झाला आणि गेला. सगळे ओरडले, ‘चष्मे काढा!’ खग्रास स्थितीच्या तेवढ्याच मिनिटांत नुसत्या डोळ्यांनी बघायचं असतं. आधी नाही, नंतर नाही.

मी फोटो शेकड्यांनी पाहिले होते. त्यात काळी चकती असते आणि भोवती पांढरं वलय. प्रत्यक्षात ती चकती चकती वाटत नाही. आभाळाला भोक पडलंय असं वाटतं, आणि भोकाच्या कडेनं चंदेरी पिसं चहूबाजूंनी निघालेली, स्थिर, अजिबात न हलणारी. खालच्या कडेला एक गुलाबी ठिपका होता, सूर्याची ज्वाळा, आपल्या पृथ्वीपेक्षा मोठी. एका बाजूला शुक्र, दुसऱ्या बाजूला गुरू. क्षितिजावर सगळीकडून तांबडं फुटलेलं, दाही दिशांना एकाच वेळी सूर्यास्त. पातळ ढगाचं एक पदर मधून गेला, तरी वलय त्यातून दिसत होतं. पावणेचार मिनिटांहून थोडं जास्त होतं. मला ते चाळीस सेकंदांसारखं वाटलं. मी घरून यादी करून नेली होती: काय काय बघायचं, तापमान किती उतरलं ते टिपायचं. यादी पर्समध्येच राहिली.

माझ्या मनात काय होतं ते सांगते. मला गणित माहीत होतं. चंद्र सूर्यापेक्षा चारशे पटींनी लहान आणि सूर्य चंद्रापेक्षा चारशे पटींनी दूर, म्हणून दोन्ही बिंबं आपल्याला सारख्याच मापाची दिसतात. चंद्र दरवर्षी पावणेचार सेंटिमीटरनं लांब चाललाय, त्यामुळे साठेक कोटी वर्षांनी खग्रास ग्रहण व्हायचंच नाही. वेळ सेकंदापर्यंत आधीच छापलेली. तरीही सूर्य गेला तेव्हा पोटात खड्डा पडला. सगळं ठाऊक असलेल्या बाईच्या पोटात, अशा देशात जिथे तीन महिने आधीपासून दुकानात चष्मे मिळत होते. त्या क्षणी मला आत्याचा राग येईना. काहीही न सांगता माझ्यावर हे आलं असतं तर मीही दार लावून घेतलं असतं आणि वाकळही लावली असती. काय घडतंय हे आधी सांगणारं कुणी भेटलं, की मग भीती आणि नवल दोन्ही एकाच वेळी वाटतं, आणि माणूस दार उघडं ठेवून उभा राहू शकतो. मला सांगणारे सर भेटले होते. आत्याला कुणी भेटलं नव्हतं.

आई काय करत होती? मी उशिरा बघितलं तिच्याकडे. ती उभी राहिली होती आणि तिनं हात जोडले होते. डोळे मात्र उघडे, वर. पुन्हा ऊन आलं तेव्हा बागेतल्या सगळ्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. आईनं वाजवल्या नाहीत. थोड्या वेळानं ती म्हणाली, ‘हे एवढं वर चाललं होतं आणि मला भिंतीकडं तोंड करून झोपवलं होतं.’ तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. एखादा हिशोब लागल्यावर माणूस बोलतो तशी ती बोलली. घरी जाऊन तिनं आंघोळ केली, ग्रहण सुटल्याची. आम्ही कुणी काही बोललो नाही. दुसऱ्या दिवशी गुढी उभारली, कडुलिंब मिळाला नाही तर बहिणीनं फ्रिजमधली वाळकी पानं काढली.

आपला देश आता प्रभामंडळ बघायला ग्रहणाची वाट बघत नाही. २ सप्टेंबर २०२३ ला गेलेलं आदित्य-एल१ पंधरा लाख किलोमीटरवर बसलंय आणि त्याच्यावरची दुर्बीण सूर्यबिंब झाकून वलयाचा अभ्यास करते. बेंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेनं ती बनवली. दुसरी एक दुर्बीण पुण्याच्या आयुकाची. मी सांगते ते तुमच्या-माझ्या डोळ्यांचं.

म्हणून थोडी कामाची माहिती देते आणि बसते. येत्या १२ ऑगस्टला आइसलँड आणि स्पेनमध्ये खग्रास आहे. ज्यांची मुलं युरोपात आहेत त्यांनी मुलांना कळवा. २ ऑगस्ट २०२७ ला इजिप्तमध्ये लक्सरला सहा मिनिटांहून जास्त, आणि तिथे ऑगस्टात ढग नसतात. चष्मा घ्याल तर प्रमाणित, ग्रहणासाठीचाच घ्या. एक्स-रेची फिल्म, काजळी लावलेली काच, पाण्याची परात, यातलं काही नको. आणि ज्यांना परदेश जमणार नाही त्यांच्यासाठी २० मार्च २०३४. सावली काश्मीर-लडाखवरून जाणार आहे. आपण तेव्हा चोपन्न वर्षांचे असू. गुडघ्यांची खात्री देता येत नाही, पण कारगिलपर्यंत गाडी जाते. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाडवाच आहे. आपल्या तुकडीच्या व्हॉट्सॲप गटात मी नावं घ्यायला सुरुवात केलीय. काल रात्रीपर्यंत सोळा झाली होती. सर, तुमचं सतरावं मी विचारल्याशिवायच घातलंय.